पावसाळ्यात न्हाणीघराच्या बटणाला करंट येतो, ट्रिप पडते: कारण कसे शोधावे आणि बटण कुठे हलवावे

मृग लागला की गोव्यातल्या पुष्कळ घरांत ही तक्रार सुरू होते. न्हाणीघराचे बटण दाबताना बोटाला झिणझिण्या येतात, बोर्डातून चरचर आवाज येतो किंवा रात्री-बेरात्री ट्रिप पडून घरभर काळोख होतो. वायरमन येतो, जुने बटण काढून नवे बसवतो आणि दोन-तीन आठवडे सगळे ठीक चालते. पुढे पुन्हा तेच. नवे बटणही त्याच ओल्या डब्यात बसलेले असते, त्यामुळे ते कितीही महागाचे घेतले तरी फरक पडत नाही. पाणी कोणत्या वाटेने त्या डब्यापर्यंत पोहोचते ते शोधायचे आणि बटण त्या वाटेतून बाजूला करायचे, यानेच हे दुखणे कायमचे जाते.

आधी हे करा

बटणाला हात लावल्यावर थोड्याही झिणझिण्या येत असतील तर ते बटण वापरणे आजच बंद करा. कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. पावसाळ्यात वीज जाते म्हणून न्हाणीघराचा दिवा बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो, आणि मेन बंद केल्यावरही त्या बटणात २३० व्होल्ट जिवंत राहतात. शिवाय बॅटरीवर चालताना मेनजवळची ट्रिप त्या लाइनचे रक्षण करीलच असे धरून चालू नका. बोर्ड उघडण्यापूर्वी फेज–न्यूट्रल, फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ अशा तिन्ही जोड्या मीटरने तपासा. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, ओल्या भिंतीजवळ तो फसवतो.

एक गोष्ट कधीही करू नका. सारखी ट्रिप पडते म्हणून आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारी ट्रिप) बाजूला काढून लाइन डायरेक्ट जोडणे. पावसाळ्यात हा उद्योग सर्रास होतो आणि तो जीवघेणा आहे. एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचा छोटा ब्रेकर, जास्तीच्या भाराने किंवा शॉर्ट सर्किटने पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतसुद्धा नाही. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, तो जाणारा आणि परतणारा करंट यांतला फरक पाहतो आणि सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. न्हाणीघरात ओले अंग आणि ओली फरशी यांच्यामध्ये दुसरे काही आडवे नसते. तेवढे एकच यंत्र तुमच्या बाजूने उभे आहे.

तक्रार कधी होते, यावरून कारण कळते

बोर्ड फोडण्याआधी चार-आठ दिवस वेळ टिपून ठेवा. वेळेवरून अर्धे निदान होते.

बाहेर पाऊस जोरात असताना, आंघोळीला कोणी गेलेले नसतानाही ट्रिप पडत असेल तर पाणी वरून येते आहे. स्लॅबमध्ये पुरलेल्या पीव्हीसी पाइपात गच्चीचे पाणी शिरते आणि पाइपाच्या उतारावरून थेट बोर्डाच्या डब्यात उतरते. मेन बंद करून प्लेट काढली की डब्याच्या वरच्या पाइपाच्या तोंडापासून खाली आलेला तपकिरी ओघळ दिसतो, भिंत मात्र आजूबाजूला कोरडी असते. इथे खालचे तोंड सिलिकॉनने बंद करणे ही मोठी चूक ठरते. पाणी पाइपातच साचते आणि वायर त्यात बुडून राहते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग किंवा कौलांची गळती दुरुस्त होईपर्यंत ती लाइन तोडून ठेवावी आणि दिव्याला दुसऱ्या मार्गाने वायर ओढावी.

पाऊस असो नसो, आंघोळी आटोपल्यावर तासाभराने त्रास होत असेल आणि डब्याची मागची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येते. गोव्यात याचे प्रमाण फार आहे. भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि बराच काळ धरून ठेवतो. टाइल्सच्या फटी किंवा भिंतीतल्या नळाचा सांधा गळू लागला की ओल चिऱ्यातून आडवी पसरते. बाहेरच्या बाजूला रंगाला फोड येतात, गिलाव्यावर पांढरा खार फुटतो. ही खूण बोर्डाच्या हातभर अंतरात दिसली तर बोर्ड तिथून हलवायचाच, दुसरा उपाय नाही.

फक्त गरम पाण्याच्या आंघोळीनंतर चरचर होते, एरवी नाही? मग वाफ जबाबदार आहे. बटण बाहेर असले तरी दिव्यापासून बटणापर्यंतचा पाइप वाफेला मोकळा रस्ता देतो आणि वाफ थंड डब्यात जाऊन पाणी होते. या बाबतीत मात्र पाइपाची तोंडे वायरभोवती सिलिकॉन किंवा पुट्टीने बंद केल्याने काम होते, सोबत एक्झॉस्ट पंखा हवा.

कोरड्या दिवसांतही दिवा लावताक्षणी ट्रिप पडत असेल तर ओलीच्या मागे लागू नका. न्हाणीघराच्या दिव्याचा न्यूट्रल बहुधा शेजारच्या वेगळ्या लाइनचा घेतलेला असतो. फेज एका आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल दुसरीकडून परतला की हिशेब जुळत नाही आणि ट्रिप पडते. ज्या घरात नंतर खोल्या वाढवल्या तिथे हा दोष हमखास सापडतो.

गिझर लावल्यावर काही मिनिटांनी पडत असेल तर गिझरचे एलिमेंट तपासा, बटणाचा संबंध नाही.

आणि ज्या प्रकाराने वायरमनही चक्रावतात तो हा: न्हाणीघराचा एमसीबी खाली पाडला तरी आरसीसीबी टिकत नाही. साधा एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. ओल्या डब्यात न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर घरातल्या दुसऱ्या उपकरणांच्या करंटचा काही भाग त्या वाटेने अर्थमध्ये जातो आणि आरसीसीबी पडतो. म्हणून दोष शोधताना मेन बंद करून डिस्ट्रिब्यूशन बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवावा लागतो. जो सोडवल्यावर ट्रिप टिकते, त्या लाइनवर ओल आहे.

कधी कधी ट्रिपचा काहीच नियम सापडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ आणि ३० यांच्या मधल्या कोणत्याही आकड्याला पडू शकतो. ओल्या बोर्डाची थोडी गळती, जुन्या गिझरची थोडी, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची थोडी, अशी बेरीज होत होत हद्द ओलांडली जाते. त्यासाठी मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून मोजणे हाच खरा मार्ग. एलईडी दिवे आणि उपकरणे काढून ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ मोजा. १ मेगओहमपेक्षा कमी आले तर ती लाइन नापास. चांगल्या कोरड्या वायरिंगला याच्या कितीतरी पट मोठा आकडा येतो, त्यामुळे १ च्या जरासे वर आले म्हणूनही समाधान मानू नका.

चिमटा येतो तो नेमका कुठून

बटण प्लॅस्टिकचे, मग शॉक कसा बसतो, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या लाकडी बोर्डांवर स्क्रू उघडे असतात. लाकूड ओल धरते, ओल फेजच्या टर्मिनलपासून स्क्रूपर्यंत पोहोचते आणि बोट स्क्रूला लागते. लोखंडी डबा अर्थ केलेला नसेल तर तो डबाच जिवंत होतो आणि त्यात आवळलेले प्लेटचे स्क्रूही. मॉड्युलर प्लेटमध्ये स्क्रू झाकलेले असतात म्हणून धोका कमी होतो, पण ओल्या हाताचे पाणी बटणाच्या कडेने आत गेले तर तीच पाण्याची फीत करंट बाहेर आणते. किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा यात भर घालते. तांब्यावर हिरवा कळंक चढतो, सांधा ढिला पडतो, गरम होतो, आणि चरचर ऐकू येते ती तिथून. पाल किंवा मुंग्यांचे वारूळ डब्यात सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, डब्याची न वापरलेली तोंडे बुचाने बंद करा.

जुन्या घरांत आणखी एक तपासणी करा. बटण फेज तोडते की न्यूट्रल? न्यूट्रल तोडत असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. दिवा बदलायला स्टुलावर चढलेला माणूस बटण बंद आहे म्हणून निर्धास्त असतो. बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत असेल तर हा संशय घ्या. बटणातल्या इंडिकेटरमुळेही तसे होते, म्हणून मीटर लावूनच ठरवा.

बटणाची योग्य जागा

सोपे उत्तर: न्हाणीघराच्या बाहेर, दाराच्या कडीच्या बाजूला, चौकटीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, फरशीपासून १.२ ते १.४ मीटर उंचीवर. घरात वयस्क माणसे किंवा चाकाची खुर्ची असेल तर १ मीटरपर्यंत खाली घ्या. बिजागरीच्या बाजूला नको. बाहेर उघडणारे दार बटणावर येऊन बसते आणि माणूस काळोखात हात दाराआड घालून चाचपडत राहतो.

आत का नको, हे मोजून पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या आयईसी ६०३६४ मानकाचा ७-७०१ हा भाग न्हाणीघरांसाठीच आहे. खाली तबक (शॉवर ट्रे) नसलेल्या शॉवरला तो पाण्याच्या तोंडापासून आडवे १.२ मीटर आणि फरशीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग धोक्याचा धरतो. तिथे २३० व्होल्टचे बटण चालत नाही. टब असेल तर टबाच्या कडेपासून पुढचे ६० सेंटिमीटरही वर्ज्य. आता आपल्याकडचे चार फूट बाय सात फुटांचे न्हाणीघर घ्या. म्हणजे १.२ बाय २.१ मीटर. शॉवर दारासमोरच्या भिंतीवर असला तर दाराजवळ उरतात जेमतेम ९० सेंटिमीटर, आणि त्यात दार आत उघडते. कमोडच्या शेजारी जेट असतो, त्याची नळी मीटरभर लांब, आणि मुलांच्या हातात ती कुठेही फिरते. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या घरात पाणी तर सगळ्या भिंतींवर उडते. शिवाय टाइल्स धुताना नळी लावतात ती वेगळीच. मानकाने शॉवरचे तोंड डोळ्यांसमोर ठेवून अंतर सांगितले. आपल्या सवयी धरल्या तर लहान न्हाणीघरात आत सुरक्षित कोपरा उरत नाही.

बाहेर म्हणजे कुठेही बाहेर असेही नव्हे. ज्या भिंतीवर आतून शॉवर, नळ किंवा गिझरचे पाइप आहेत, तिच्या पाठीवर बाहेरून बटण बसवणे ही सगळ्यात फसवी जागा. साडेचार इंची विटेच्या भिंतीची जाडी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. एका बाजूने नळासाठी खाच, दुसऱ्या बाजूने डब्यासाठी ५ सेंटिमीटर खोल खड्डा, मग मध्ये काय उरले? तीन-चार सेंटिमीटर ओलसर सिमेंट. त्या भिंतीवर नंतर आतून टॉवेल स्टँडसाठी ड्रिल मारले तर टोक वायरपर्यंत पोहोचू शकते. बाहेरची जागा निवडताना आत जाऊन पाहा की त्या भिंतीवर पाण्याचा काहीही संबंध नाही.

मागच्या अंगणातल्या सुट्या न्हाणीघराचे वेगळे. तिथे दाराबाहेरची भिंत म्हणजे थेट पाऊस. अशा ठिकाणी बटण घराच्या पडवीत, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला घ्यावे आणि तिथून दिव्यापर्यंत पाइपातून लाइन न्यावी. पडवी नसेलच तर वळचणीखाली, पाऊस तिरपा येतो त्या दिशेला पाठ करून, झाकणाचा आयपी ५५ डबा बसवावा (आयपीचा आकडा धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो). वायरचा पाइप डब्यात नेहमी खालून शिरला पाहिजे. वरून शिरला तर पाणी सोबत आणतो.

गिझरचे बटणही बाहेरच, पण दिव्याच्या डब्यात नको. २० अँपिअरचा डबल पोल स्विच घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. याला वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढावी. दिव्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर गिझर चालवलेला दिसला तर तो आधी बंद करा.

दिवा २.२५ मीटरच्या वर आणि शॉवरच्या थेट डोक्यावर नको. निदान आयपी ४४ चा झाकलेला दिवा घ्यावा. उघड्या होल्डरमधला बल्ब न्हाणीघरात शोभत नाही.

हलवण्याचे काम

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, पण काय होते आहे ते समोर उभे राहून बघा. एप्रिल–मे उत्तम, भिंती सुकलेल्या असतात. ऐन पावसात गिलावा फोडला तर नवा डबाही ओल्या चिऱ्यात बसतो.

१. आधी गळती थांबवा. सांधा दुरुस्त केल्यावर भिंत सुकायला काही आठवडे द्या.

२. नवी लाइन पॅसेजच्या छताजवळच्या जंक्शनपासून सरळ उभी खाली आणा. आडवी किंवा तिरपी खाच नको, पुढे खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठे आहे ते कळत नाही. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाला साधारण ३ सेंटिमीटर खोल खाच पुरते.

३. एक दिवा आणि एक पंखा धरला तर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सगळे रंग मिळून १५ ते २० मीटर लागते. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. पाइप पाचेक मीटर. ६ अँपिअरची दोन बटणे, तीन मॉड्यूलचा डबा, प्लेट. खारी हवा असलेल्या भागात लोखंडी डब्यापेक्षा प्लॅस्टिकचा बरा, तो गंजत नाही.

४. जुन्या आतल्या डब्यातून वायर दोन्ही टोकांनी पूर्ण ओढून काढा. इथेच कामे बिघडतात. जुन्या डब्यात टेप गुंडाळून सांधा ठेवतात आणि वर कोरी प्लेट लावतात. ओल तिथेच आहे, सांधाही तिथेच आहे, पुढच्या पावसात ट्रिप पुन्हा पडणार. डबा रिकामा करून सिमेंटने भरा, वर टाइल लावा.

५. न्हाणीघराची दिव्याची लाइन आणि गिझरची लाइन यांना डिस्ट्रिब्यूशन बोर्डात वेगवेगळे ३० मिलिअँपिअरचे आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) लावता आले तर जरूर लावा. दिव्याला ६ अँपिअर, गिझरला १६ किंवा २०. खर्च थोडा वाढतो, पण न्हाणीघरात दोष आला तर तेवढाच भाग बंद पडतो आणि फ्रिज चालू राहतो. ट्रिप बायपास करण्याचा मोह होतो तो सगळे घर काळोखात जाते म्हणूनच.

६. काम झाल्यावर पुन्हा मेगर लावा आणि आकडा कागदावर लिहून डिस्ट्रिब्यूशन बोर्डाच्या दारात चिकटवा. पुढच्या वर्षी तुलना करता येते.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंत फोडता येत नाही. तिथे पीव्हीसी केसिंग-कॅपिंगची पट्टी दाराच्या चौकटीवरून बाहेर आणून पृष्ठभागावर डबा बसवता येतो. घरमालकाची परवानगी घ्या, काम अर्ध्या दिवसाचे आहे. आतच बटण ठेवणे भाग असेल तर छताला बसवायचा दोरीचा स्विच शॉवरच्या १.२ मीटर पट्ट्याबाहेर चालतो. स्विच वर कोरडा राहतो, ओला हात फक्त दोरीला लागतो.

अर्थिंगचे काय

जांभी जमीन पावसात ओली आणि मे महिन्यात ठणठणीत कोरडी. अर्थिंगचा पाइप उथळ पुरलेला असेल तर उन्हाळ्यात त्याचा रोध खूप वाढतो. आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार पाइपाची लांबी २.५ मीटरपेक्षा कमी नको, आणि जिथे ओल टिकते तिथपर्यंत तो गेला पाहिजे. दर उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला. आरसीसीबीचे 'टी' अक्षराचे बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंग चांगले असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. त्या बटणाने फक्त यंत्राची आतली यंत्रणा तपासली जाते. अर्थची तार तुटलेली असली तरी ते पडते. अर्थिंग वेगळे मोजून घ्यावे लागते. तरीही 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबाच, कारण वर्षानुवर्षे न हललेला आरसीसीबी अडकून बसू शकतो.

बंद घर उघडताना

चवथीला वर्षभर बंद असलेली घरे उघडतात, आणि ती नेमकी पावसाळ्याच्या शेवटी. आत शिरताच मेन चालू करू नका. आधी सगळे एमसीबी खाली ठेवा, न्हाणीघराच्या आणि मोरीच्या भिंतींवर हात न लावता ओल, फोड, खार बघा, खिडक्या उघडून घर दिवसभर वारा खाऊ द्या. मग मेन, मग आरसीसीबी, 'टी' दाबून तो पडतो का पाहा, पुन्हा वर करा आणि एकेक एमसीबी चढवा. न्हाणीघराचा सगळ्यात शेवटी. तो चढवल्यावर आरसीसीबी पडला तर तो एमसीबी खालीच राहू द्या. पाहुण्यांसाठी चार दिवस बॅटरीचा कंदील न्हाणीघरात टांगा, गिझरऐवजी चुलीवर पाणी तापवा, आणि बोर्ड वायरमनने उघडून सुकवल्यावरच पुढचे बघा.